चवीपुरतं

ऑक्टोबर संपायच्या आत उरकायचं होतं.
एकदा पाइपात पाणी गोठलं
की मेपर्यंत तो टब म्हणजे झाकण घातलेला हट्ट.

आधी जुनं पाणी सोडलं.
तेराशे लिटर, पाच महिन्यांचं शिळं,
नळीतून घरंगळत कुंपणाकडे निघालं
आणि नुन्झिओ गॅरेजातून ओरडला,
"टाउनो! माझा लसूण!"
कालच लावला होता त्याने.
नळी वळवली.

धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं काढली मी.
मूठभर गहू उचलून ओल सांगायचो.
म्हणून क्लोरिनही अंदाजानेच टाकायचो,
कधी दोन चिमटी, कधी झाकणभर,
पाहुणे येऊन गेले तर वर आणखी एक.
हिल्क्का टबाबाहेर आली की दंडावर लाल पट्टे,
गुडघ्यामागे भाजल्यासारखं.
बोलायची काही नाही. मलम लावायची.
मग एका रविवारी, बटाटे सोलता सोलता,
"मिठाचं यंत्र आण."

माझे वडील असते तर हसले असते.
घरात सौना असताना
माणसाला अजून कशात शिजायचंय?

यंत्र म्हणजे काय, तर काठावरून सोडलेली एक वायर
आणि टोकाला पिंजऱ्यात कोंडलेल्या
टायटॅनियमच्या पट्ट्या.
खरी पायपीट मिठासाठी.
दुकानात दोन थप्प्या होत्या, दोन्ही रस्त्याच्या बर्फावर टाकायच्या.
स्वस्त होतं. हात गेलाच होता.
पण नुन्झिओने बजावलेलं,
आयोडिन नको, गुठळ्या मोडायची औषधं नकोत,
नुसतं मीठ.
नुसतं मीठ मिळायला तीन दुकानं पालथी घातली.

आमच्या उताराखाली सुपीरिअर.
गोड्या पाण्याचा एवढा समुद्र
की जहाजं आधी अंगाने बुडतात, मग धुराड्याने.
त्याच्या काठावर बसून मी मीठ तोलतोय,
सहाशे ग्रॅम, पुन्हा सहाशे,
स्वयंपाकघरातला काटा, त्याला अजून राईचं पीठ चिकटलेलं.
दुधात मिठाचा खडा टाकावा तसं
चोरट्यासारखं वाटलं.

पंप लावला.
मीठ थोडा वेळ पायरीवर बसून राहिलं,
मग धूसर झालं,
मग नव्हतंच.
पट्टी बुडवायची, पंधरा मोजायचे, रंग जुळवायचे.
माझा हिरवा आणि डब्यावरचा हिरवा
एकमेकांना ओळख देईनात.
बोट चाखून पाहिलं.
अळणी आमटी. अश्रूंच्या पावपटही नसेल.

मग पुस्तिकेचं अकरावं पान, बारीक अक्षर:
विजेने मीठ तुटतं, त्यातून तयार होतो
क्लोरिन.
चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
पावती कोटाच्या आतल्या खिशात होती, ती आणखी आत सरकवली.
ठरवलं, सांगायचं नाही.

चौथ्या रात्री बर्फ भुरभुरत होतं.
ती गळ्यापर्यंत पाण्यात, टोपीवर पांढरं साठलेलं.
डोळे मिटूनच म्हणाली,
"शेवटी क्लोरिनच आहे हा."
"पुस्तिका वाचलीस?"
"चौदा वर्षं कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते मी, टाउनो.
पुस्तिका कशाला?"
"मग हे सगळं कशासाठी?"
पंप थोडा वेळ तिच्या वतीने बोलला.
"तुझी मूठ थांबावी म्हणून."

काठावरचा हिरवा दिवा तीनवर.
यंत्र कणाकणाने देत होतं,
पाहुणे येवोत न येवोत,
मला वाटो न वाटो.
तिचा दंड पाण्याबाहेर आला, वाफेतून,
नुसता दंड, त्यावर काही नाही.

दर तीन महिन्यांनी पट्ट्या व्हिनेगरात बुडवायच्या,
असं बाराव्या पानावर आहे.
ते ती करणार म्हणते.
बाटलीसुद्धा तिने वरच्या फळीवर ठेवलीय,
माझा हात पोहोचतो,
पण विचारून.