चिंच

सहा तुकडे नीट निघतात, सातव्याला किरण अडखळतो.
दोन मिलिमीटर तांबं. फार नाही.
लोखंड याच मशीनवर काकडीसारखं चिरतं.
तांब्यावर मात्र ठिणग्या खाली जायच्या सोडून
वर उसळतात, नोझलच्या तोंडावर,
आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात: किरण परत आला.

परत आला म्हणजे, मॅडम?
हिवराज नवीन आहे, तुमसरच्या आयटीआयचा.
मी म्हणते, पोरं वर्गात आरशाचा कवडसा
मास्तरच्या डोळ्यात मारतात ना, तसा.
फक्त हा डोळा वीस लाखांचा आहे
आणि बँकेचा आहे.

मोहाडीच्या पुढे, धानाच्या बांध्यांत आमचं टिनाचं शेड.
दुपारी दोनला शेतीची थ्री-फेज येते,
उन्हाळी धानाचे सगळे पंप एकदम घसा खाकरतात
आणि आमचा बल्ब पिवळा पडतो.
सापडलं, म्हटलं.
रात्री अकरानंतर कापून पाहिलं, गाव निजल्यावर.
नऊ तुकडे गेले. दहावा उसळला.

मग काच काढली. तिळाएवढा काळा डाग.
बदलली.
नोझलला सेलोटेप लावून एक ठिणगी मारली,
भोक केसभर डावीकडे. सरकवलं.
नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घेतला,
भंडाऱ्याहून सिलिंडर, छोटा हत्तीवर आडवा बांधून.
फोकस खाली नेला, वेग कमी केला,
आणि चिडून एकदा तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या,
तर कापलं! सुंदर कापलं.
कशामुळे, ते आजही माहीत नाही.
ती अख्खी संध्याकाळ वाया गेली असं वहीत लिहिलंय.

पुण्याचा इंजिनीअर फोनवर म्हणतो, काच बघा.
मी म्हणते, बघितली.
तो म्हणतो, परत बघा.

मंगळवारी कापतं, बुधवारी नाही.
तोच पत्रा, तेच आकडे.
दोन्ही दिवसांचे उरलेले तुकडे उंबऱ्यावर
उन्हात शेजारी ठेवले तेव्हा दिसलं:
एक माळ्यावरच्या गुंडासारखा तपकिरी,
दुसऱ्याकडे बघवत नव्हतं.

डुलीचंदजी रात्रीचे चौकीदार.
चाळीस वर्षं भांडी ठोकली, कान त्यातच गेले.
मी जोरात विचारलं, पत्रे तुम्ही घासता?
"मंग! तांबा असा कारा ठेवते का कोनी, बाई?"
चिंच, मीठ, नारळाची शेंडी.
कोपऱ्यात चिंचोक्यांचा छोटा ढीग होता,
मला वाटायचं उंदरं आणतात.

लकाकी हाच दोष आहे, हे कसं सांगायचं माणसाला?
हात हलवून, बोटानं वर-खाली रेघा मारून सांगितलं:
उजेड येतो, स्वतःला पाहतो, माघारी जातो.
ते बराच वेळ मशीनकडे बघत राहिले.
मग म्हणाले, आमीबी ठोकाच्या आधी
भट्टीत घालून काराच करत होतो.
कारा झाला का नरम येते.
चमक मांगून.
आणि जरा रागानं: सांगाचं ना मंग आधी,
रातभर हात चुरचुरते मिठानं.

वहीत लिहिलं: पत्रा न घासलेला. ऑक्सिजन. काच स्वच्छ.
चौदा तुकडे सलग निघाले, राइस मिलच्या पॅनलचे,
हिवराज मोठ्यानं मोजत होता.
पंधराव्याच्या कोपऱ्यात, जिथं किरण वळतो,
खालच्या कडेला तांब्याचे चार मणी गोठले.

पुण्याहून फोन. झालं का? काय निघालं?
चिंच, म्हटलं.
पलीकडे शांत.
काच ना मॅडम?

मी तेवढ्यात तुकडा उलटा करून
नखानं ते मणी खरवडत होते. निघत नव्हते.
उद्या फक्त कोपऱ्यातला वेग बदलायचा.
फक्त तेवढंच.