बर्फाचा नांगर, नऊ गाणी

पहाटेचे तीन. केमीच्या रस्त्यांवर माझा नांगर,
पातं खाली, पिवळा दिवा डोक्यावर गरगरतोय,
आणि खणात हाल्केआमाची नवी सीडी,
अकरा वर्षांनी आलेली.
एटूने दिली. वय वर्षं तेवीस.
म्हणाला, "राइली, ऐकच. नवा ड्रमर घड्याळासारखा वाजवतो."
म्हटलं, घड्याळं आहेत माझ्याकडे. तीन.

पहिल्या गाण्यात तोंडालाच धृपद,
आधी कळस मग पाया.
पण गिटार छान गंजलेली आहे,
बंद कागदगिरणीच्या फाटकासारखी;
उघडताना ते जे काही बोलतं, ते अगदी तस्सं.

दुसरं रेडिओसाठी केलंय. रेडिओनेच ऐकावं.

तिसऱ्यात आर्तो म्हणतो, मी अजून तोच आहे.
नाहीस रे.
वरचा सूर तू आता शिडी लावून गाठतोस,
छपरावरचा बर्फ ओढायला चढावं तसा,
एक हात कठड्यावर.
शाळेच्या जिमखान्यात वाजवायचात तेव्हा
असल्या शिड्या तू लाथेने पाडायचास.
मला आत्ताचं जास्त आवडलं. ते जपून चढणं.

चौथ्याच्या वेळी दवाखान्यासमोर
रुग्णवाहिकेला वाट करून देत होते.
चौथ्याबद्दल मत नाही.

पाचव्यात सोलो आहे. नाकापेक्षा मोती जड.
तेवढ्या वेळात मी बंदरापर्यंतचा रस्ता साफ केला,
वळले, परत आले,
आणि हा बाबा अजून त्याच वळणावर
चाकं फिरवत रुतलेला.

सहावं साधं. त्यात एक ओळ आहे,
समुद्र गोठताना कण्हतो, अशी.
कण्हतोच. ज्याने लिहिलं
तो रात्री तिथे जाऊन उभा राहिलेला आहे,
घरात बसून हे सुचत नाही.
बाकीचे शब्द विसरले.

सातवं संपलं आणि मी परत लावलं.
परत लावलं.
काहीतरी खुपत होतं, बुटात खडा गेल्यासारखं,
आणि खडा सापडेना.

वेइक्को ड्रमवर होता तेव्हा
चौथ्या ठोक्याला केसभर उशिरा यायचा.
पेपरवाले त्याला शैली म्हणायचे.
मी सहा वर्षं संसार केलाय, मला विचारा:
लाकडाच्या वखारीत मनगट मोडलं होतं, नीट बसलं नाही,
एवढंच.
बाकी जेवायलाही उशिरा, स्टेशनवर उशिरा,
घटस्फोटाच्या सहीला तर चाळीस मिनिटं,
ओले बूट, हातात माझ्यासाठी कॉफी, गार झालेली.
गेला तेवढा मात्र लवकर.

नवा पोरगा वेळेवर येतो. चोख.
नाव ठेवायला जागा नाही, मी शोधली.
पण बास ऐका. खाली, ड्रमच्या खाली.
सेप्पो अजून थांबतो.
चौथ्या ठोक्याला, केसभर.
पोरगा येऊन, बूट काढून, बसलासुद्धा,
आणि सेप्पो अजून दार धरून उभा,
बाहेरची थंडी आत येऊ देत.

सेप्पोला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही.
विचारणार नाही. विचारलं तर सुधारेल.

आठवं गाणं वाजलं असणार.

नववं अकरा मिनिटांचं. शेवटी वाऱ्याचा आवाज भरलाय.
वारा मला काचेबाहेर फुकट मिळतो.
सातव्या मिनिटालाच उरकायला हवं होतं.
असो. माणसांना निघता येत नाही, मग गाण्यांना कुठून.

सहाला डेपोत एटू उभा, कॉफीचा मग हातात,
"काय मग? कसा आहे ड्रमर?"
म्हटलं, वेळेवर येतो.
पोरगं एवढं खूश झालं
की पुढचं काही बोलले नाही.

पाळीच्या कागदावर लिहावं लागलं:
स्टेशनजवळचा चौक, चार वाजून दहा,
गाडी सतरा मिनिटं उभी.
कारणाच्या रकान्यात लिहिलं,
पातं अडकलं.