नाव नको

सिनेमाचं नाव घेऊ नका, वकीलबाई म्हणाल्या.
पोस्टरवर नको, पावतीवर नको,
टपरीवर चहा पितानासुद्धा नको.
मन्मथ म्हणाला, मॅडम,
दिवेलागणीनंतर नाव घ्यायचं नसतं
हे आम्हाला पाळण्यापासून पाठ आहे.
नुसरत इनामदार हसल्या नाहीत.
परभणी कोर्टाच्या लिंबाखाली चष्मा पुसून
त्यांनी कंपनीचं पत्र पुन्हा वाचलं:
तिकीट लावायचं नाही,
मूळचं संगीत नको, मूळचा मुखवटा नको,
पंधरा मिनिटांच्या वर एक सेकंद नको,
उरलेला पैसा ज्याचा त्याला.

चित्रकलानं भीत भीत विचारलं,
उलटे पाय चालतील?

चालतील.
उलट्या पायांवर कुणाची मालकी नाही.

सेलूच्या मोंढ्यात मी अडतीवर लिहायला,
म्हणून वही माझ्याकडं आली.
एका पानावर तूर, दुसऱ्या पानावर भूत.
बाडमेरहून एका हवालदारानं साडेपाचशे धाडले:
सहावीत असताना व्हिडिओवाल्याच्या पत्र्याला भोक होतं,
त्यातनं बघितलेली ती बाई
अजून मला दिवा मालवू देत नाही.
नर्सिंगच्या पोरींनी एकशेदहा-एकशेदहा काढले.
सोनारानं अकराशे दिले अन् म्हणाला,
दुकान जरा दिसू द्या मागं.
दिसलं की जाहिरात झाली, वकीलबाई म्हणाल्या.
अकराशे परत.
आणि डब्यात एक चिठ्ठी, घामट घडीची:
अकरा रुपये. नाव लिहू नका.
मी लिहिलं: नाव नको, रु. ११.

पाथरी रोडच्या बंद जिनिंगमध्ये चार रात्री,
मालकाची परवानगी बाँडवर, सही-शिक्क्यासकट.
मुखवटा नाही म्हणून
चित्रकलाच्या तोंडाला कापूस चिकटवला,
कोपऱ्यात पडलेला, काळपट, सरकीसकट.
उत्तरेश्वरनं बूट उलटे शिवून आणले.
संगीत नाही म्हणून
पत्रे रात्री गार होताना जे बोलतात
तेवढंच भरून घेतलं.
तिसऱ्या रात्री मन्मथ पडद्यात डोकं घालून बसला,
म्हणाला, ही ती नाही रे.
चित्रकला शिंकली, कापूस उडाला.
मग कोण आहे मी?
कुणीच बोललं नाही.
वरून एक पत्रा वाजला.

जिनिंगच्याच भिंतीवर दाखवला, फुकट.
आधी चाळीस सेकंद निवेदन:
हा सिनेमा कंपनीचा नाही, यात नफा नाही,
कुणाचा हक्क मारायचा इरादा नाही.
लोकांनी निवेदनालाच टाळ्या वाजवल्या.
नंतर मात्र शेंगा फोडायच्या थांबल्या.
अंधारातून एक बारकं पोर ओरडलं,
माय, पाय बघ की तिचे!
चौदा मिनिटं बावन्न सेकंद.
आठ सेकंद आम्ही कायद्याला सोडले.

जमा पंचावन्न हजार, खर्च चोपन्न,
शिल्लक एक हजार.
वाटून टाकायला बसलो.
हवालदाराला दहा, पोरींना दोन-दोन.
नको घेऊस म्हणले सगळे, तरी दिले.
पत्रात लिहिलंय म्हणलं.
शेवटी अकरा रुपयेवाला राहिला.
त्याचा वाटा बरोब्बर वीस पैसे.

वीस पैसे आता आणायचे कुठून?
ते नाणं केव्हाच गेलं.
लहानपणी पाण्यावर तरंगायचं,
सहा कोनांचं, हलकं,
बोटानं टिचकी मारली की बुडायचं.
आठवडी बाजारात जुन्या कुलुपांच्या ढिगाशेजारी
एकाकडं सापडलं.
किंमत तीस रुपये.
ते मी माझ्या खिशातून दिले,
वहीत दाखवले नाहीत.

आता ते वहीच्या शेवटच्या पानाला चिकटपट्टीनं लावलंय.
रात्री अडत बंद करताना
दाराशी उगाच थोडा थांबतो.
कुणी मागायला आलं तर
चेहरा बघणार नाही, नाव विचारणार नाही.
फक्त खाली, पायांकडं,
तेवढं एकदा बघून घेईन
आणि सही घेईन.