झाकण उघडून दाखव

नॉर्बचा ओतीव लोखंडाचा सोऱ्या
मुलानं अंगणातल्या सेलमध्ये बारा डॉलरला विकला
आणि आईसाठी चकचकीत नवा आणला.
सोऱ्या मीच म्हणते. बर्निस स्टफर म्हणते.
माझा चकलीचा पितळी तिला दाखवला तेव्हा
तळहातावर तोलून म्हणाली, हे तर त्याचं पिल्लू.

गेल्या नाताळाच्या आधी,
ऐंशी पौंड डुकराचा खांदा, लसूण, मार्जोरम,
गॅरेजमध्ये टबांत दाबून ठेवलेला,
आणि बत्तिसाव्या पौंडाला त्या नव्याच्या पोटात
काहीतरी कटकन मोडलं.
हँडल फिरत राहिलं. पिस्टन जागचा हलेना.
उरलेलं सगळं आम्ही नरसाळ्यानं आणि अंगठ्यांनी भरलं
रात्री दोनपर्यंत.
बर्निस पोलिशमध्ये जे बोलली
ते मला कळलं नाही, म्हणजे कळलंच.

म्हणून आज स्टीव्हन्स पॉइंटच्या हार्डवेअरच्या दुकानात.
कोल्बी नावाचा पोरगा, कानामागे पेन्सिल,
दर वाक्यात एकदा स्टेनलेस म्हणतो.
डबा स्टेनलेस आहे, दिसतंय मला.
झाकण उघडून दाखव.

पहिल्याचे दात पांढरे.
नख लावलं तर ओरखडा उठला.
दुधाचे दात, मी स्वतःशीच म्हटलं.

दादा सांगलीला गिअर कापायचे.
सुट्टीच्या दिवशी ताज्या चाकावरून माझं बोट फिरवायचे:
खर लागते का बघ.
रंग बघून यंत्र घेणारा दोनदा पैसे मोजतो, म्हणायचे,
आणि घरातला मिक्सर मात्र आईनं रंग बघूनच घेतलेला,
तो अजून चालतो.

दुसऱ्याचे दात लोखंडी, पण हँडलची पिन
केसात खोचावी एवढीच.
तिसरा कोपऱ्यात, धूळ बसलेला,
झाकणाखाली काळं ग्रीस, पोलादी दात,
दोन वेग: दाबायला संथ, माघारी यायला झपाझप.
पिस्टनला हवा सोडणारी छोटी झडप.
हवेला वाट नसली तर
आतडं फुगतं आणि भलत्या जागी फाटतं.
तळाला चार भोकं, टेबलाला बोल्टनं आवळायला.
दोघींनी मिळून उचलून पाहिला,
माझी कंबर बोलली. हाच.

कोल्बी म्हणाला, वर्षातून एकदाच ना, मॅम?
तुम्हाला पहिला पुरेल की आता.

बर्निसनं चष्मा पुसला.
मी एकोणऐंशीची आहे, ती म्हणाली.
याचं वायसर किती वर्षं मिळेल?
त्यानं कुठेतरी फोन लावला, वाट पाहिली, मान हलवली.
सुटे भाग तीस वर्षं, म्हणतात.
मग बरं, म्हणाली, आणि पाकिटातून
चुरगळलेल्या नोटा एकेक सपाट करत मोजल्या.
तीस वर्षं कोणासाठी, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नुसते दहा पौंड, चाचणीला.
मिठाच्या पाण्यात आतडी सुटी करता करता सांगितलं,
आमच्यात अगदी जवळच्याला आतड्याचं माणूस म्हणतात.
ती म्हणाली, नीट धुतलेलं असेल तर काही हरकत नाही.

मी हँडल फिरवलं. तिनं नळीपाशी हात धरला,
बोटांची कमान, नॉर्ब धरायचा तशी असेल,
मी त्याला कधी पाहिला नाही.
पहिलं जाड आलं, दुसरं रोडकं,
मग एकसारखी रांग, ताटात गुंडाळी घेत.
दात कुरकुरले नाहीत.

नळीत शेवटी मूठभर उरतंच,
कितीही महागाचा घ्या.
ते नॉर्बचं असायचं, कांद्यावर परतून, उभ्याउभ्या.
तिनं तवा ठेवला.
फोन वाजला, पडद्यावर मुलाचं नाव.
वाजू दे, म्हणाली,
हात चरबीचे आहेत.