केसभर

डोक्याची मागची कड बघ, व्हिएनो म्हणते.
पुढून सगळ्या सारख्याच:
तांबडी छाती, काळसर पोट,
चिडल्या की तोच आंबट, नाकात शिरणारा वास.
फरक असलाच तर मागे,
मान सुरू होते तिथे.

कागदाच्या तिकोनी कपट्यावर चिकटवलेली
किउरुवेसीच्या रानातली कालची मुंगी
मी भिंगाखाली हळूहळू वळवतो.
दिवा बाजूने धर. मागे काळं कापड.
आणि मग दिसतात ते उभे, पिवळट केस,
उन्हात तिरप्या धरलेल्या कणसाच्या कुसळांसारखे.

"दाट, लांब, डोळ्यांपर्यंत उतरलेले, तर लुगुब्रिस.
आखूड आणि विरळ, तर अक्विलोनिया.
नसतीलच, तर रूफा,
नाहीतर तिची ती आणखी गुळगुळीत बहीण."
नावं अशी घेते, जणू
कोण कुठल्या घरची, ते सांगतेय.

रस्ता रुंद होणार आहे.
बुलडोझर यायच्या आत
एकेचाळीस वारुळांना नाव हवं.

सतरा नंबर माझ्याकडे.
पहिलीला सहा केस. दुसरीला चौदा.
तिसरीचं डोकं साफ तुळतुळीत.
रूफा! मी जवळजवळ ओरडतोच.
व्हिएनो चष्मा कपाळावर सरकवते.
"म्हातारी आहे ती. बोगद्यांतून ये-जा करून झिजलेत.
एकीवरून कधी ठरवू नये. दहा बघ.
आणि दहा बघून झाल्या
की थोडा वेळ गप्प बस."

कॉफी. राईचा पाव.
रात्रीचे साडेदहा, आणि खिडकीत अजून ऊन.

"आईबाबा सालमीहून आले, युद्धात, एका गायीसह.
मी इथली.
डेअरीत लोक आईच्या हाताकडे बघायचे.
क्रूस काढताना तिचा उजवा खांदा आधी यायचा.
तेवढंच. बाकी डोळे, कोट, गरिबी
तंतोतंत त्यांच्यासारखी.
रशियन म्हणाले तिला.
नऊ वर्षं कुणी कॉफीला बोलावलं नाही.
मग तिने चारचौघांत हात वर न्यायचं सोडलं.
तिकडचे शब्दही गेले, एकेक करून.
मी चौथीत असताना एका बाईंनी विचारलं,
तुम्ही इथल्याच ना?
आई हो म्हणाली.
घरी येऊन तिने राईचं पीठ मळलं
आणि लाटत राहिली,
इतकं पातळ की खालच्या फळीच्या रेषा दिसाव्यात.
कुणासाठी लाटतेस, बाबांनी विचारलं.
ती लाटतच राहिली."

मी दहा बघतो. मग आणखी दहा.
अकरा, चार, नऊ, शून्य, तेरा, नऊ.
कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.
व्हिएनो स्वतः एकदा डोळा लावते,
बराच वेळ,
मग चिठ्ठीवर पेन्सिलीने
(शाई अल्कोहोलमध्ये पसरते)
ठिकाण लिहिते, तारीख लिहिते.
नावाच्या जागी टोक टेकवते,
आणि उचलते.

माझ्या बाहीवर एक जिवंत मुंगी निघते,
दिवसभर शिवणीत लपलेली.
बाहेर नेऊन सोडतो, मी म्हणतो,
सतरा नंबर वाटेतच आहे.
"तिथलीच आहे, नक्की?"
मी बाही दिव्याजवळ नेतो.
तिच्या मिशा हवेत काहीतरी शोधतायत.
"कारण चुकीच्या दारात सोडलीस,"
कप विसळता विसळता व्हिएनो म्हणते,
"तर त्या केस मोजत बसत नाहीत."