डाव्या पायाचा ब्रेक

उजवीकडे वळायचंय ना,
मग आधी डावीकडे फेक.
क्षणभरच.
गाडीला वाटू दे, आपण भलतीकडेच निघालो,
कलू दे तिचं वजन,
आणि ते परत झोकांडत येईल
तेव्हा त्या हेलकाव्यावर बसून वळ.

मी हे अण्णांना सांगतेय
कन्नमवार नगरात, रात्री पावणेबाराला.
आईच्या शिलाई मशीनच्या फळीला आवळलंय स्टिअरिंग,
पेडल फरशीवरून सरकू नयेत
म्हणून मागे तांदळाचा डबा.

अण्णा म्हणतात, यात नवीन काय?
बसचं ढुंगण सांभाळायला
आम्हीही आधी उलटंच द्यायचो.
गांधीनगरच्या नाक्यावर विचार कुणालाही.

पण डाव्या पायाने ब्रेक
त्यांना पटत नाही.
उजवा पाय गॅसवर तसाच,
डाव्याने नुसतं टेकवायचं,
इंजिनचा दम न तोडता नाक खाली आणायचं.
करून बघतात. गाडी जागच्या जागी थिजते
आणि खुर्चीतल्या खुर्चीत
अण्णाच मागे झुकतात.
एकतीस वर्षं हा पाय क्लचचा, म्हणतात,
ह्याला अर्धवट दाबणं ठाऊक नाही.

डेपोच्या डॉक्टरने डोळ्यांत टॉर्च मारून
त्यांना स्टिअरिंगवरून उतरवलं त्याला दोन वर्षं झाली.
आता त्यांना रस्त्याच्या कडा दिसतात,
मधला रस्ता नाही.

म्हणून मी चालवते आणि ते ऐकतात.
गेममधल्या नेव्हिगेटरला मी गप्प केलंय.
माती संपून खडी कुठे लागली
ते अण्णा टायरच्या आवाजावरून सांगतात,
तिसऱ्या गिअरचं रडणं त्यांना माझ्याआधी कळतं.
हातात चमचा, पुढ्यात स्टीलचं फुलपात्र.
एक टोला : ब्रेक.
दोन : सोड.
तीन : गाडी भरलीय, कुठेच थांबू नकोस.

फिनलंडचं जंगल. सतरावा किलोमीटर. उंचवटा.
पलीकडचं मलाही त्यांच्याइतकंच दिसतं.
टण टण टण.
चाकं सरळ धरते, गॅस सोडत नाही,
जमीन खालून निघून जाते,
इंजिन किंचाळतं, मशीनची सुई खडखडते,
आणि घोगळे वहिनी पलीकडून
भिंतीवर मारतात थाप.
एकच.

हवेत ब्रेक मारू नये
हे मी सगळ्यांना शिकवते.
पाय ऐकतो कुठे.

थांबलेली चाकं जमिनीला लागतात,
गाडी नाकावर, मग टपावर,
मग बर्चच्या झाडांत तीन कोलांट्या.
पडद्यावर आभाळ खाली, रस्ता वर.
वेळ, दंड, नंबर, सगळं लाल अक्षरांत.

अण्णांनी चमचा खाली ठेवलाय.
पडद्याकडे नाही, त्याच्या जरा बाजूला बघत,
जिथून त्यांना दिसतं,
विचारतात,
आत कुणाला लागलं का गं?