पाऊण मिलिमीटर

दुकानात मॅक्रो लेन्सची किंमत विचारली
आणि खाली लावलेल्या माझ्या स्कूटीकडं बघितलं.
जवळजवळ तेवढीच.
मग लक्ष्मीपुरीत, बंद होणाऱ्या स्टुडिओच्या काउंटरवरनं
पन्नासची जुनी लेन्स उचलली, आठशेला,
आतला बुरशीचा ठिपका फुकट.
माळकरकाका काच पुसता पुसता म्हणाले,
उलटी लाव. पाठमोरी केली
की मुंगीचे केस मोजते ही.
चाळीस वर्षं मी नवऱ्या मुलींच्या नथी टिपल्या हिनं,
उलटी करून बघायचं काही सुचलं नाही.

उलटी लावायला कडं लागतं.
ते महाद्वारला नाही, राजारामपुरीत नाही,
म्हणून उद्यमनगर,
दिलावर शिकलगारांचा लेथ,
कूलंटचा वास
आणि चहाच्या कपात तरंगणारा ॲल्युमिनियमचा कीस.
व्यास बावन्न, मी म्हणाले.
त्यांनी वर न बघता विचारलं, आट्याचं पिच?
पिच मला ठाऊक नव्हतं.
त्यांनी लेन्सच्या तोंडाला गेज टेकवली.
पाऊण, म्हणाले. पंपाचं काम न्हवं हे, ताई.
पहिलं कडं दीड आट्यावर अडलं.
दुसरं बसलं, लोणच्याच्या बरणीचं झाकण बसावं तसं.
मागच्या बाजूला कॅमेऱ्याचं जुनं टोपण,
मधोमध भोक पाडून.

घरी गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीपाशी
गुळाचा खडा ठेवला आणि वाट बघत बसले.
ती आली. गूळ इथला, न येऊन सांगते कुणाला.
आता फिरवायचं काही नाही,
फोकसची रिंग फिरून न फिरल्यासारखी,
आपणच पुढं-मागं व्हायचं, केसाएवढं,
कोपर गुडघ्यावर, श्वास अर्धा सोडून.
एफ सोळाला अंधार,
एफ दोनला एक मिशी स्पष्ट, बाकी मुंगी धुकं.
फ्लॅशपुढं दुधाची पिशवी कापून लावली,
तीनदा धुतली तरी सायीचा वास,
मुंग्या कॅमेऱ्याकडंच यायला लागल्या.
एकशेबारा फोटो.
शंभरेक धुकं. काहींत नुसता गूळ,
पिवळ्या खाणी आणि आत उसाचा एक तंतू.
एकात डोळा.
अख्खा डोळा, खसखशीएवढ्या खणांचा,
आणि त्यात चमकणारी
चौकोनी दुधाची पिशवी.

शनिवारी तो फोटो दाखवायला गेले.
दिलावरभाईंनी हात पुसले, बराच वेळ बघितलं,
मग कोपऱ्यातलं ते फसलेलं कडं पुढं सरकवलं.
ह्येचा काढा की.
तिथंच काढला, व्हाइसमध्ये धरून,
पत्र्याच्या भोकातनं पडणाऱ्या उन्हात.
स्क्रीनवर आटे आले.
आटे कसले, नांगरट.
आणि प्रत्येक फेऱ्याला, अगदी त्याच जागी,
एक बारीक खोक.
मला वाटलं धूळ. फुंकर मारली, पुन्हा काढला.
खोक तिथंच.
ते काही बोलले नाहीत.
लेथ सुरू केला, रिकामाच,
आणि कान हेडस्टॉकजवळ नेला.
बेअरिंग, म्हणाले.
वडलांच्या वक्ताचं हाय.
दोन सालं ऐकू येत हुतं मला,
मी म्हनत हुतो, न्हाई.

कड्याचे दीडशे त्यांनी मोजून घेतले.
पुढच्या आठवड्यात शटर अर्धं खाली,
आत लेथचं पोट उघडं,
आणि ते तिथं उकिडवे, तोंडात टॉर्च धरून.

फसलेलं कडं माझ्याकडं आलं.
कुंडीच्या काठावर असतं.
मुंग्या आट्याआट्यानं चालतात,
खोकेपाशी वळत नाहीत,
उतरतात, पलीकडं चढतात.
तेवढं टिपायला
मी अजून थोडी पुढं सरकते.